उंबऱ्याबाहेरची पांढरी चप्पल

निपाणीत कुणाला कॅन्सर झाला की पहिला प्रश्न ठरलेला: तंबाखू खात होता काय? दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गाव तंबाखूवर उभं राहिलेलं, वखारींचा वास नाकात घेऊनच आम्ही पाटी-पेन्सिल धरलेली, तेव्हा दोष द्यायला तंबाखूपेक्षा जवळचं कोण सापडणार? म्हणून माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, छातीत गाठ निघाली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आधी आमच्या आईकडं बघितलं. आईनं सगळा जन्म विड्या वळल्या. आक्का तान्ही असताना एका मांडीवर ती आणि दुसऱ्या मांडीवर तंबाखूचं सूप, असा आमचा संसार होता.

आक्का स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. ती नर्स, गावातल्याच एका खासगी दवाखान्यात, आणि तीही कायम रात्रपाळीला. सुरुवातीला सगळ्यांसारखी पाळी बदलायची. पण आक्कानं लग्न केलं नाही, आणि जिला नवरा-पोरं नाहीत तिला रात्री घरी काय काम, असं दवाखान्यानं धरून चाललं, तिच्या मैत्रिणींनी धरून चाललं. कुणाचं पोर तापलं, कुणाची सासू आली, की तिची नाईट आक्काकडं. होता होता सगळ्याच रात्री तिच्या झाल्या. तिची तक्रार नव्हती. रात्रीचा वॉर्ड म्हणजे आपलं राज्य, असं ती सांगायची. डॉक्टर घरी गेलेले, नातेवाईक भिंतीला टेकून पेंगणारे, आणि जागी फक्त आक्का. कुणाला पाणी हवं, कुणाची सलाईन संपत आलेली, कुणाला नुसता धरायला हात हवा.

सकाळी घरी आली की ती पांढरी ड्युटीची चप्पल उंबऱ्याबाहेर पायरीवर काढायची. आमच्या घरात सोवळंओवळं कधी नव्हतं, आम्ही बुद्धविहारात वाढलेली माणसं. पण दवाखान्यातली चप्पल घरात आणायची नाही, हा आक्काचा नियम कुठल्याही सोवळ्याहून कडक होता. मग आंघोळ, भाकरी, आणि आतल्या खोलीत झोप. खिडकीला आईनं तंबाखूचं बारदान ठोकलं होतं, त्यामुळं भर दुपारी आत काळोख. कुकरच्या शिट्ट्या आई ती येण्याआधीच उरकून घ्यायची. आक्का म्हणायची, "आपली गल्ली लई शांत हाय, म्हणून मला झोप तर लागती."

मी लग्न होऊन बेळगावला आले आणि तिथून जवळच्या मच्छे गावाच्या एका शाळेत शिकवायला लागले. सुट्टीत माहेरी गेले की मलाही ती शांतता जाणवायची. आमच्या लहानपणी ह्याच गल्लीत दुपारी दोन बायका भांडत नसल्या तर तिसरी काळजीनं विचारायला यायची, आज तब्येत बरी नाही का म्हणून. आणि आता कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मी आपल्या शहाणपणानं ठरवून टाकलं, की मोबाईल आले आणि माणसं बोलायची थांबली. पालकसभेतल्या भाषणात हे उदाहरण मी दोनदा ठोकून दिलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

ऑपरेशन बेळगावला झालं, आणि मग केमोचे डोस सुरू झाले. डोसाच्या वेळी आई आणि आक्का माझ्याकडं मुक्कामाला यायच्या आणि दुसऱ्या दिवशी निपाणीची गाडी धरायच्या. राहा म्हटलं तर आक्का ऐकायची नाही. तुझ्या घरात मला झोप येत नाही, म्हणायची. खरी गोष्ट अशी होती की तिला कुठंच झोप येत नव्हती. रात्रभर टक्क जागी, दिवसा नुसती गुंगी. केस गेले, तोंडाची चव गेली, पण ह्या न झोपण्यानं ती सगळ्यात जास्त खचली.

तिला बघणाऱ्या डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरायच्या आणि हसून परत यायच्या. एका डोसाच्या वेळी आईनं, आम्हाला काही कळायच्या आत, त्यांना विचारून टाकलं, "माझ्या तंबाखूनं झालं का हो हे?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, आईचा हात हातात घेतला आणि सांगितलं, इल्ल अम्मा, नाही हो, ह्या गाठीचा दोष तुमच्या सुपावर टाकता येणार नाही. मग त्यांनी आक्काला विचारलं, काम कसलं करता, किती वाजता करता. आक्कानं सांगितलं: नर्स, कायम रात्रपाळी.

त्यांनी समजावलं ते मला माझ्या शाळेच्या भाषेत असं कळलं. शरीरात एक घड्याळ असतं आणि ते उजेडावर चालतं. डोळ्यांनी उजेड पाहिला की आत घंटा होते, आणि प्रत्येक पेशी त्या घंटेवर आपला तास घेते: हा कामाचा, हा विश्रांतीचा, हा दुरुस्तीचा. रात्रीच्या अंधारात शरीर डागडुजी करतं. पण वर्षानुवर्षं रात्री ट्यूबलाईट आणि दिवसा काळोख असेल तर घंटा भलत्याच वेळी वाजायला लागते. शाळेत असं झालं तर काय होतं हे मी जाणते. एका वर्गात प्रार्थना, दुसऱ्यात गणित, तिसऱ्यात डबा, आणि कोण कुठं चाललंय ह्याचा पत्ता कुणालाच नाही. वाढू नये ती पेशी अशा गोंधळात वाढून जाऊ शकते. खूप वर्षं रात्रपाळी केलेल्या बायकांना ह्या आजाराचा धोका थोडा वाढत असावा असं दिसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तुम्हाला त्यानंच झालं असं कुणी सांगू शकत नाही, मी पण नाही, हेही त्यांनी लगेच बजावलं.

आक्का आजारी होती, मऊ झालेली नव्हती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती म्हणाली, "डॉक्टर, पेशंट काय दिवस बघून आजारी पडत न्हाईत. रात्री कुणीतरी जागं राहायला पाहिजे का नको?"

"पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही राहिलात. तुमची चूक आहे असं मी म्हणतच नाही. आता मात्र तुम्ही झोपायचं."

मग त्यांनी आईला सांगितलं की हिला सलग झोप मिळायला हवी, पूर्ण अंधारात, आवाज नको, मोबाईल नको. सकाळी ऊन अंगावर घ्यायचं, दिवसा माणसांत बसायचं. अर्धे डोस झालेत, अर्धे राहिलेत, आणि अंगात ताकद टिकवायची तर झोप हवी. आई मान हलवत होती. मीही हलवत होते. आमच्या तिघींपैकी आक्का रागात होती, मी औषधांच्या चिठ्ठीकडं बघत होते, आणि सगळं मन लावून ऐकलं ते एकट्या आईनं.

तिनं ते मनापासून अंमलातही आणलं. निपाणीला पोचताच सूप, कात्री, पानं कापायचा फर्मा, सगळं माळ्यावर टाकलं. डॉक्टर काहीही म्हणोत, तिचं मन तंबाखूवरून उठलं होतं. आमच्या पायरीवर आईबरोबर विड्या वळायला बसणाऱ्या बायकांना तिनं हात जोडून सांगितलं, की आता तुम्ही दुसरीकडं बसा. खिडकीवरचं बारदान काढून टाकलं आणि तिथं एकावर एक दोन वाकळा टांगल्या, सुईएवढा उजेड आत येऊ नये म्हणून. आक्काची झोप म्हणजे दिवसाची झोप, हे आईच्या अंगात इतकी वर्षं मुरलेलं. डॉक्टरांनी अंधार सांगितला, आईनं दिवसाचा अंधार घट्ट केला. सकाळच्या उन्हाचं तिनं ऐकलं होतं, पण दमलेली लेक झोपली असताना तिला उन्हात ओढायची कशी, हे काही तिला जमेना. आणि मी बेळगावात परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. फोनवर विचारायची, "झोपती का?" आई म्हणायची, "झोपलीय, झोपलीय." मला बरं वाटायचं.

मग एके दिवशी आईचाच फोन आला. आक्का पुढचा डोस घेणार नाही म्हणते. का, तर बस झालं म्हणते. भांडत नाही, रडत नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडलीय.

शाळेला सुट्टी लागली होतीच. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निपाणी गाठलं. वाटेत मनात भाषण तयार करत होते. अर्ध्यावर सोडलेलं औषध म्हणजे काय, आईचं काय होईल, तुला काही वाटतं का, वगैरे. आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि ते भाषण विसरले. बाहेर एप्रिलचं ऊन तापलं होतं आणि आत मला माझा हात दिसेना. आक्काचा आवाज तेवढा आला, "आलीस व्हय."

मी तिच्याजवळ बसले. डोळे सरावल्यावर डोक्याला बांधलेला रुमाल दिसला आणि त्याखाली बारीक झालेला चेहरा. का नाही म्हणतेस, विचारलं. ती जे बोलली ते मी कधी विसरणार नाही.

"कुणासाठी घेऊ गं? आज्जीला गावानं लांब ठेवलं, ते आपण ऐकलंय. मला आपल्याच गल्लीनं लांब ठेवलंय. महिना झाला, एक माणूस दारात आलेलं न्हाय. बायका पायरीवर बसायच्या, त्या उठून गेल्या. आमच्या घरापाशी आलं की माणसं बोलायची थांबत्यात. मी पडल्या पडल्या ऐकतीया. पावलं येत्यात, हळू हुत्यात, आणि निघून जात्यात. मढ्यापुढनं जावं तशी."

ज्या बाईनं ह्या गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी रात्री उशाशी बसून सांभाळलं, तिच्या तोंडी हे शब्द! माझं डोकं भणाणलं. माझा स्वभाव मुळातच तापट, आणि त्यात शाळेत रोज ओरडायची सवय. मी उठले ती तडक बाहेर पडले. भांडायला कुणाकडं जायचं हा प्रश्नच नव्हता. शेजारच्या मावशीचा तोंडाचा पट्टा गल्लीत सगळ्यात मोठा, आणि तिच्या नवऱ्याला दम्याचा झटका आला तेव्हा त्याच्याशेजारी बसून रात्र काढली होती ती आक्कानंच. मी तिच्या दारात उभी राहून बोलायला सुरुवात केली. कॅन्सर काय बोलल्यानं लागतो का? दारात आलं तर चिकटतो का? तुझ्या नवऱ्याचा हात धरून बसली तेव्हा तिनं असला विचार केला होता का?

मावशी तांदूळ निवडत होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि मला हाताला धरून आत ओढलं.

"हळू बोल की गं. आक्का झोपल्यात."

"कोण म्हणालं झोपलीय?"

"चप्पल हाय न्हवं भायेर?"

मला काही समजेना. कसली चप्पल, मी विचारलं.

"आक्काची, पांढरी. ती पायरीवर दिसली की आक्का आत झोपल्यात. तुझ्या आईनंच सांगितलंय की गल्लीला, तू लग्न होऊन गेलीस तवापासनं, लई वर्सं झाली. चप्पल असली की आवाज करायचा न्हाय." मावशीचा आवाज बारीक झाला. "आता म्हैना झाला, चप्पल हललीच न्हाय. मग आमी बोलायचं कधी, तूच सांग."

मी तिच्या उंबऱ्यावर बसले. मग मावशीनं कुजबुजत सगळं सांगितलं. भाजीवाला आमच्या बोळाच्या तोंडाशी आला की ओरडणं बंद करून गाडा पुढं ढकलायचा. पोरांचा क्रिकेटचा डाव मागच्या मोकळ्या जागेत हलला होता. हे दिवस वर्षाची चटणी घालायचे, आणि मावशी काही मिरची गिरणीतल्या डंकावर कुटायला नेणारी नव्हे, तिला आपल्या उखळात कांडलेलीच लागते. पण उखळ आमच्या भिंतीला लागून. म्हणून ती भाजलेल्या मिरच्या पातेल्यात घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडं कांडायला नेत होती. घरात येऊन बघून जावं असं रोज वाटायचं, म्हणाली, पण आजारी माणसाची झोप मोडायचं पाप कोण घेणार? मोबाईलमुळं माणसं मुकी झाली असं मी टाळ्या घेत सांगितलं होतं. त्या सभेतल्या एखाद्या पालकानं मला तेव्हाच उठून गप्प केलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझे डोळे पुसून होईपर्यंत मावशी थांबली नाही. ती उठली, आमच्या पायरीपाशी गेली, ती चप्पल उचलली आणि आक्काचा कडक नियम बाजूला सारून सरळ घरात शिरली. अंधारात एकदा खाटेला ठेचकाळली. आक्का उठून बसली.

"आक्का, ही चप्पल आता आत ठिवा," मावशी म्हणाली. "न्हायतर आमाला बोलता येत न्हाय, आन न बोलून पोट दुखाय लागलंय."

मी तिला चपलेचं सगळं सांगितलं. ती माझ्याकडं, मग मावशीकडं, मग चपलेकडं बघत राहिली.

"म्हंजे मी झोपले की सगळी गल्ली गप व्हायची? इतकी वर्सं?"

"मग? तुमाला काय वाटलं?"

"मला वाटलं," आक्का म्हणाली, "आपली गल्लीच शांत हाय."

शांत, आणि ही गल्ली! मावशी जी हसली ती तिच्या मूळ आवाजात हसली. स्वयंपाकघरातून आईचं सवयीनं "श्श्श" आलं. आणि आक्का, रुमालाच्या टोकानं वाहते डोळे पुसत, म्हणाली, "हसू दे गं आई. लई दिवसांनी कुणीतरी हसतंय."

वाकळा काढायला आई तयार होईना. तिनं त्या स्वतःच्या हातानं शिवलेल्या, स्वतःच्या हातानं टांगलेल्या. लेकीसाठी करण्यासारखं तेवढंच तिच्या हातात उरलं होतं. मी तिला पुन्हा समजावलं की अंधार पाहिजे तो रात्रीचा. ती खूप वेळ विचार करून म्हणाली, "मग हिची रात कंची?" मी म्हटलं, आता जगाची तीच हिची. तिनं मान हलवली, स्टूल ओढलं आणि वाकळा स्वतःच उतरवल्या. खिडकीतून ऊन आत आलं आणि आक्कानं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं इतक्या दिवसांची थकबाकी वसूल केली. सकाळी उखळ सुरू, मिरचीचा ठसका सगळ्या घरात, आणि आक्का खोकत, शिव्या घालत बाहेर पायरीवर. तिथंच तिच्या पुढ्यात लसणानं भरलेलं सूप आलं. उन्हात बसून ती लसूण सोलायची, आणि बायका आपापल्या घरची गाऱ्हाणी तिच्या कानावर घालायच्या. गुण काही जादूनं आला नाही. पहिल्या काही रात्री ती तशीच टक्क होती, आणि आम्ही दोघीही तिच्याबरोबर. पण दुपारी तिला पडू द्यायचं नाही, बोलत ठेवायचं, हे काम गल्लीनं अंगावर घेतलं, आणि बोलत ठेवण्यात आमच्या गल्लीचा हात कुणी धरणार नाही. एका संध्याकाळी भाकरीचा घास हातात असतानाच तिची मान कलंडली. आईनं तो घास हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

आता हे लिहिते आहे तेव्हा सगळे डोस होऊन गेलेत. आक्का त्याच दवाखान्यात दिवसाच्या ओपीडीत बसते, ठरल्या दिवशी तपासणीला बेळगावला येते, आणि आजवर तरी डॉक्टरीणबाई हसून बाहेर सोडतात. रात्रपाळी आता सगळ्या जणी वाटून घेतात. ते तिनं भांडून करून घेतलं. रात्रपाळीनं तिला हे झालं की नाही, मला माहीत नाही, आणि आता मी तो प्रश्न विचारत नाही. रात्री कुणीतरी जागं राहायला पाहिजे हे तिचं म्हणणं खरंच आहे. फक्त जागणारी कायम तीच नको, एवढंच.

पण माझ्या लक्षात राहिलीय ती त्या सुट्टीतली एक सकाळ. डोसाचा दिवस होता. मी तिला येशील का म्हणून विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत होत नव्हती. बेळगावच्या गाडीची वेळ झाली, मी एकटीनंच पिशवी उचलल्यासारखं करून दारात घुटमळत होते, आई चुलीपाशी पाठ करून उभी होती. बाहेर मावशीचं मुसळ चाललेलं. आणि आतून आक्काचा आवाज आला,

"माझी चप्पल कुठं ठेवलीस गं?"

कपाटाखालून मी ती काढून दिली. तिनं घातली, रुमाल नीट बांधला, आणि माझ्या खांद्याला धरून पायरी उतरली. मावशीनं आमच्याकडं बघितलं, मान हलवली, आणि मुसळ काही थांबवलं नाही.